माहेरबंदीचा ठराव

मला आयुष्यात एकदाच कुणी हेर म्हटलं. तेही भर सभेत, मारुतीच्या देवळात, मी सात महिन्यांची पोटुशी असताना. म्हणणारा कुणी परका असता तर मी सोडून दिलं असतं. पण तो माझ्या माहेरचा, आमच्याच भावकीतला, लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारा चुलतभाऊ होता. आज हा विषय निघाला की आम्ही दोघं हसून बेजार होतो. त्या दिवशी मात्र माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

गोष्ट सत्तरच्या दशकातली आणि कबड्डीची. माझं माहेर कर्जतकडचं, सासर खालापुरातलं, चौक गावाच्या अलीकडचं. दोन्ही गावं भाताची. भात झोडून घरात आलं की करायला काही उरत नाही असं नव्हे. वाल असतात, लाकूडफाटा असतो, घरं शाकारायची असतात. पण पुरुषांना तसं वाटतं खरं. मग झोडणी झालेलं खळं पुन्हा एकदा शेणानं सारवून घ्यायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि कबड्डीला लागायचं. सारवलेल्या खळ्यासारखं मैदान शहरात पैसे मोजूनही मिळायचं नाही. पडलं तरी खरचटत नाही, आणि पायाला धरही चांगला मिळतो. माहेरचा संघ खेळायचा तो आमच्या वडिलांच्या खळ्यात, म्हणजे आमच्या दारातच.

माझं लग्न जमवताना दोन्हीकडच्या मंडळींनी पत्रिका पाहिली, जमीन पाहिली, मुलीचा रंग पाहिला. कबड्डीचा विचार कुणीच केला नाही. माझा धाकटा भाऊ माहेरचा पहिल्या नंबरचा चढाईवाला. आणि माझे यजमान सासरच्या संघाचे डाव्या कोपऱ्याचे पकडवाले. म्हणजे एकजण पाय घेऊन पळणारा आणि दुसरा नेमका पायच धरणारा. आमच्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या हे दोघे मांडवाच्या मागे जाऊन एकमेकांच्या पोटऱ्या दाबून बघत होते, हे मी अंतरपाटाची शपथ घेऊन सांगते.

पूर्वी स्पर्धा एका दिवसात उरकायच्या आणि शेवटी मारामारी ठरलेली असायची. म्हणून दोन्ही तालुक्यांतल्या काही गावांनी मिळून साखळी सामने सुरू केले. दर रविवारी दुपारी एका गावात सामना, आणि शिस्तीसाठी एक समिती. तिचे अध्यक्ष कर्जतचे एक निवृत्त गुरुजी. बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री आणि ओठांवर कायम ‘नियम म्हणजे नियम’. पंचाच्या दिशेनं कुणा प्रेक्षकानं चप्पल भिरकावली म्हणून त्यांनी त्या वर्षी एका अख्ख्या संघाला एक रविवार घरी बसवलं होतं. चप्पल लागली नव्हती, तरीही.

त्यांचाच आणखी एक नियम होता. खेळाडूंनी दुसऱ्या संघाचा सराव पाहायला जायचं नाही. त्यालाही कारण घडलं होतं. एका गावचा गडी दुसऱ्या गावच्या मैदानाशेजारी आंब्यावर चढून बसलेला सापडला. विचारलं तर म्हणाला, कैऱ्या काढतोय. झाडाला तेव्हा नुसता मोहोर होता.

त्या वर्षी संक्रांतीनंतर मी तिळगूळ घेऊन दोन दिवस माहेरी गेले. ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होते आणि समोर खळ्यात पोरांचा सराव चालला होता. आता मी काय डोळ्यांना फडकं बांधून शेंगा सोलायच्या होत्या? भावाचा उजवा गुडघा टम्म सुजला होता. संध्याकाळी आई चुलीपाशी आंबेहळदीचा लेप कढवून त्याच्या गुडघ्यावर घालायची आणि तो बैलासारखा ओरडायचा. मी त्याची यथेच्छ थट्टा केली, त्याच्या वाटणीचा लाडू खाल्ला आणि सासरी परत आले.

सासूबाईंनी पायावर पाणी घातलं आणि विचारलं, "सगली खुशाल हाईत ना गं?"

मी म्हटलं, "सगळे बरे आहेत. भावाचा गुडघा तेवढा सुजलाय, उजवा. आई लेप लावतेय."

घरातल्या माणसाची खुशाली माणूस याहून वेगळी कशी सांगतो? पण सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्या विहिरीवर गेल्या, आणि दिवेलागणीला आमचे हे दारात उभं राहून म्हणाले, "मेव्हण्याचा गुडघा दुखतोय म्हनं? उजवा का गं?"

मला वाटलं काळजीनं विचारताहेत. मी म्हटलं, "अहो, एकदा जाऊन बघून तरी या."

हे बघायला गेले नाहीत. रविवारी तो गुडघा त्यांच्याच दारी यायचा होता.

सामना आमच्या सासरी झाला. मी बायकांबरोबर सोडलेल्या बैलगाडीत बसले होते. भाऊ चढाईला आला की माझा जीव वर, हे त्याच्या पायाकडे झेपावले की जीव खाली. टाळी कुणासाठी वाजवायची तेच कळेना, म्हणून मी सगळ्यांसाठी वाजवत होते. ह्यांनी तोच पाय धरला. पुन्हा आला, पुन्हा तोच. तिसऱ्यांदा भावानं डावीकडून जायचा प्रयत्न केला तर तिथं दुसरे दोघे टपलेलेच. सासर जिंकलं. भाऊ लंगडत बाहेर आला तोही हसत हसत, आणि तसाच आमच्या घरी जेवायला. ह्यांनी स्वतः त्याच्या गुडघ्याला तेल चोळलं. दोघांनी मिळून अख्खा कोंबडा संपवला आणि मला रश्शावर ठेवलं.

म्हणजे घरात काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते भावानं गावी जाऊन कौतुकानं सांगितलं तेव्हा, की दाजींनी बरोबर दुखराच पाय हेरला, ताईकडून कळलं असणार. माहेरच्या संघाचा कप्तान म्हणजे तो माझा चुलतभाऊ. त्याला ह्यात हसण्यासारखं काही दिसेना. त्यानं दुसऱ्याच दिवशी कर्जतला जाऊन गुरुजींकडे तक्रार गुदरली.

पुढचा आठवडा दोन्ही गावांत दुसरा विषय नव्हता. चौक गावात हमरस्त्याला एका पंक्चरवाल्याचं दुकान होतं. तो आमच्या सासरच्या संघाचा असा भक्त, की सामन्याच्या दिवशी ट्रकवाला हात जोडून उभा राहिला तरी हातात पाना घ्यायचा नाही. त्याच्या बाकड्यावर दोन्हीकडची माणसं रोज जमायची, आणि तिथं जे रण माजायचं ते हे मला जेवताना सांगायचे.

पंक्चरवाल्याचं म्हणणं, "बघनं ही चोरी कधीपासनं झाली रं? खलं उघडं, डोले उघडे. एवढं हाय तर कुडाचं कुंपन घाला!"

माहेरचे म्हणायचे, खळ्यावर काय दिसलं ते सांगा ना, आमची ना नाही. पण गुडघ्याचा लेप खळ्यावर नव्हता, चुलीपाशी होता. चुलीपाशी बसायला मिळतं ते लेक म्हणून. तिथलं बाहेर गेलं तर ते हेरगिरीच.

कुणी म्हणायचं, खबर कुठून आली ते सोडा, दुखऱ्या पायावर जाणं हेच मुळात माणुसकीला धरून नाही. त्यावर दुसरा उसळायचा, मैदानात उतरला तो धडधाकट समजायचा. दुखतंय तर घरी बसायचं, पकडवाल्यानं काय आधी पाय चाचपून प्रकृती विचारायची?

खरं सांगायचं तर मला दोन्ही बाजू पटायच्या. लेपाची गोष्ट चुलीपाशीच राहायला हवी होती, असं माहेरची लेक म्हणून मला वाटायचं. आणि खेळात पाय धरला त्यात पाप काय, असं ह्यांची बायको म्हणून वाटायचं. फक्त मला कुणी विचारत नव्हतं.

मग आमच्या सासरच्या मारुतीच्या देवळात सभा भरली. पुरुष सभामंडपात, आम्ही बायका पायऱ्यांवर. गुरुजींनी छत्री मिटून शेजारी ठेवली आणि म्हणाले, "निर्णय निष्पक्ष झाला पाहिजे. समितीतल्या ज्या सभासदांची या दोन गावांत सोयरीक असेल, त्यांनी कृपया बाजूला बसावं."

पहिला उठला तो ह्यांचा मामा. मग माझ्या मावसबहिणीचा सासरा. मग एकजण उठला, त्याची बहीण आमच्या शेजारी दिलेली. एकेक करत सगळी समिती उठून भिंतीकडे सरकली. पुढे उरले गुरुजी आणि मागे मारुती. देवळात असा हशा पिकला की गुरुजींनाही रुमाल तोंडाला लावावा लागला. आमच्याकडे लेकी द्यायच्या त्या चार कोसांच्या आतच, मग निष्पक्ष माणूस आणायचा कुठून? शेवटी गुरुजींनी सगळ्यांना पुन्हा जागेवर बसायला सांगितलं.

कप्तान उभा राहिला. दोन्ही हात मागे बांधून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आमच्या घरात हेर व्हती. आमीच जेवू घातली. जिंकल्याला सामना परत घ्या, आनि म्होरं असं व्हऊ नये म्हून बंदी घाला."

हेर! माझ्या कानशिलात कुणी लगावल्यासारखं झालं. मी उठणार तोच सासूबाई उठल्या. पदर खोचून म्हणाल्या, "खबर मी दिली. तिनं घरच्यांची खुशाली सांगितली, गावभर वाटली ती मी. घाला मला बंदी! एक सामना काय, धा सामने खेलत नाय मी!"

पुन्हा हशा. पण गुरुजींना तडजोड सुचली होती आणि तडजोड सुचलेला माणूस थांबत नाही. नियम खेळाडूंना आहे, सुनांना नाही, म्हणून सामन्याचा निकाल कायम. मात्र साखळी संपेपर्यंत या दोन गावांच्या लेकी-सुनांनी एकमेकांच्या गावी ये-जा करू नये. पुरुषांना हे भलतंच न्याय्य वाटलं. सगळ्यांचे हात भराभर वर गेले. त्यांच्यातल्या कुणालाच कुठे जायचं नव्हतं.

मला जायचं होतं. येत्या शुक्रवारी ओटी भरून मला माहेरी नेणार होते, पहिल्या बाळंतपणाला. साखळी संपणार होती चैत्रात. तोवर मूल काही थांबणार नव्हतं.

मी पायऱ्या चढून मंडपाच्या कडेला गेले. सासऱ्यांसमोर, गावासमोर तोवर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, "गुरुजी, मी सराव बघायला चालले नाही. बाळंत व्हायला चाललेय. पहिली खेप आहे. मी आईकडे नाही तर कुणाकडे जायचं, तेही ठरावात घाला."

वर गेलेले हात एव्हाना मांड्यांखाली गेले होते. गुरुजी बराच वेळ छत्रीच्या मुठीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "ठराव मंजूर झाला आहे, पोरी. नियम म्हणजे नियम. मात्र ज्यानं मागणी केली त्यानं सवलत मान्य केली, तर मला हरकत घेता येणार नाही."

सगळे कप्तानाकडे बघायला लागले. त्यानं मान वर केली नाही. "इचार करून सांगतो," एवढं म्हणून तो चपला घालून निघून गेला.

त्या रात्री मी रडले. सासर वाईट होतं म्हणून नव्हे. सासूबाईंनी माझं सगळं निगुतीनं केलं असतं. पण मला आई हवी होती. कळा सुरू झाल्या की उशाशी तिचा हात हवा होता, आणि तो एका गुडघ्यापायी जाणार होता. हे अंथरुणावर उठून बसले. मग म्हणाले, "मी संघच सोडतो."

मी डोळे पुसून म्हटलं, "खबरदार! मग म्हणतील, बघा, चोरी केलीच होती."

शुक्रवार उजाडला. मी कुणाला काही न विचारता गाठोडं बांधून ठेवलं होतं, कारण मला स्वस्थ बसवत नव्हतं. उन्हं वर आली तशी गाडी दारात आली. गाडी हाकत होता कप्तान. भाऊ नव्हे, कप्तान. सासूबाई कमरेवर हात ठेवून दारातच उभ्या राहिल्या.

"न्यायला आलोय," तो बैलांकडे बघत म्हणाला.

"आनि तुजा ठराव?"

"लेकीनं सराव बघू नये, एवढंच आमचं मागनं व्हतं. आमी खलं सोडलंय. वरच्या शेतात खेलतो आता. घरातनं दिसत नाय. गुरुजींना सांगून आलोय."

सासूबाईंनी कमरेवरचे हात काढले. मग आत जाऊन त्याच्यासाठी दूध जास्त घातलेला चहा घेऊन आल्या. माझी ओटी भरली. वाटेत तो माझ्याशी अवाक्षर बोलला नाही. मीही बोलले नाही, माझा राग काही गेला नव्हता. पण जिथं जिथं चाकोरी खोल होती, तिथं तिथं तो गाडीवरून उतरायचा आणि बैलांना धरून पायी, अगदी हळू चालवायचा. असं करत करत निम्मा रस्ता तो चालतच आला.

दारातलं खळं मोकळं होतं. चुन्याच्या रेघा पुसून पुन्हा सारवलं होतं, आणि त्यावर आमच्या दोन कोंबड्या फिरत होत्या. आई म्हणाली, वरचं शेत म्हणजे नुसती ढेकळं. कप्तानानं पोरांना घेऊन दोन दिवस ती लाकडी मोगरीनं फोडली, तरी वर कापलेल्या भाताची खुंटं आहेतच. रोज संध्याकाळी पोरं रक्ताळलेले गुडघे घेऊन येतात. घरातली सगळी आंबेहळद संपली. "पर कुनी कुरकुरलं नाय गं," आई म्हणाली. "लेक बालंतपनाला येतेय म्हनल्यावर काय कुरकुरतील?"

अंतिम सामना या दोन गावांतच झाला आणि माझं माहेर जिंकलं, हे मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणी ताटकळत राहायला नको. तोवर माझी मुलगी पाळण्यात होती. आणि सासरचे भक्त मागे हटतात थोडेच? पंक्चरवाल्यानं लगेच नवी तक्रार काढली, की हे ढेकळांत खेळून राकट झाले, आम्ही बिचारे सारवलेल्या खळ्यातले, ही कुठली बरोबरी! त्यावर दोन वर्षं वाद चालला. अजूनही एखाद्या लग्नाच्या पंगतीत तो निघतो.

पण माझ्या मनात राहिलंय ते आधीचं. दिवस भरत आले होते आणि सुईणीनं मला रोज संध्याकाळी चालायला सांगितलं होतं. घराच्या मागून तळ्याकडे वाट जायची, ती त्या वरच्या शेताच्या बांधावरून. पहिल्याच दिवशी बांधावर पोचले आणि कबड्डीचा दम कानावर आला. मी चटकन शेताकडे पाठ केली आणि दम खायला तशीच उभी राहिले. कुणी मला सांगितलं नव्हतं. पण ह्या पोरांनी माझ्यासाठी आपलं चांगलं मैदान सोडलं, तर मीही त्यांचं काही राखायला नको का? रोज मी तिथं पोचायचे, पाठ फिरवायचे, थोडं टेकायचे आणि पुढं जायचे. भावाचा आवाज त्यातही ओळखू यायचा. मी मुद्दाम तळ्यातल्या बगळ्यांकडे बघत राहायचे.

चार-पाच दिवस असे गेले असतील. एका संध्याकाळी मागे दम एकदम थांबला. धापा टाकत कुणीतरी बांधावर आलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर कप्तान. कपाळावर माती, कोपर सोललेलं.

"अशी काय उभी ऱ्हातेस गं रोज?"

"ठराव आहे तुमचा," मी मागे न वळता म्हटलं. त्या देवळातल्या सभेनंतर मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

त्याच्या धापा हळूहळू बसल्या. मग म्हणाला, "पोरं म्हनतात, आपल्याच गावची लेक पाठ फिरवून उभी ऱ्हाते, खेलायला हुरूप येत नाय. वल इकडं. बग खुशाल. आनि सासरी सांगायचं तर तेबी सांग जा."

माझे डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून मी आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग वळले. शेतातली सगळी पोरं माझ्याकडेच बघत होती. भावानं हात वर केला आणि तो चढाईला निघाला.